उकियो-ए व लोकजीवन
उकियो-ए व लोकजीवन : एदो काळात (१६०३–१८६८) जपानी नगरांत भरभराटीस आलेला काष्ठठसा-चित्रांचा प्रकार. ‘उकियो’ म्हणजे तरंगते, क्षणभंगुर जग आणि ‘ए’ म्हणजे चित्र. प्रकाशक, चित्रकार, ठसे कोरणारा व मुद्रक अशा चौघांच्या सहकार्यातून ही चित्रे सिद्ध होत. चेरीच्या लाकडी फळ्यांवर प्रत्येक रंगासाठी सामान्यतः स्वतंत्र ठसा कोरीत. सुझुकी हारुनोबू (सु. १७२५–७०) याच्या काळात, १७६५ पासून, ‘निशिकि-ए’ म्हणजे किनखाबी वस्त्रासारखी बहुरंगी चित्रे रूढ झाली. किंमत अल्प असल्याने ती सामान्य नगरवासीयांच्या घरी पोहोचली.

लोकजीवनाचा आरसा म्हणून या चित्रांचा गौरव केला जातो, व तो काही अंशी यथार्थ आहे. उतामारोच्या (सु. १७५३–१८०६) स्वयंपाकघराच्या चित्रात नळीने चूल फुंकणारी स्त्री आहे आणि धुरामुळे तोंड फिरवणारीही आहे. हिरोशिगेच्या (१७९७–१८५८) ‘तोकाइदो’ मालिकेतील शोनो येथील दृश्यात अकस्मात आलेल्या सरीत पालखीवाले व वाटसरू चढणीवर धावताना दिसतात. श्रमिकांच्या देहाचा ताण येथे मोजक्या रेषांतून व्यक्त होतो.

तथापि हा आरसा निवडक आहे. योशिवारा या परवानाप्राप्त वेश्यावस्तीतील अनेक स्त्रिया बालपणीच कराराने विकल्या गेलेल्या असत; परंतु बहुसंख्य चित्रांत त्यांची उंची वस्त्रे व केशरचनाच दिसतात. ही चित्रे त्या वस्तीची जाहिरातही करीत. शिवाय शासनाचे नियंत्रण होतेच : १७९० पासून परीक्षणाची मुद्रा आवश्यक ठरली, तर १८४२ मध्ये नट व गणिका यांच्या चित्रांवर बंदी आली.

या मर्यादेतही सत्य सूचित करणारी चित्रे आढळतात. हिरोशिगेच्या १८५७ मधील एका चित्रात योशिवारातील खिडकीत एक पांढरे मांजर बसले आहे. गजांपलीकडे शेतांतून जत्रेकरूंची रांग चालली असून क्षितिजावर फुजी पर्वत आहे. खोलीत केसांतील पिना पडल्या आहेत. स्त्री मात्र दिसत नाही. बाहेरचे मुक्त जग आणि आतील अदृश्य जीवन यांतील अंतर येथे एकही मानवी चेहरा न रेखाटता प्रत्ययास येते. म्हणून लोकजीवनाचे साधन म्हणून उकियो-ए अभ्यासताना त्यात जे रेखाटले आहे त्याइतकेच जे वगळले आहे तेही विचारात घेणे आवश्यक ठरते.