बुद्धीची परीक्षा आणि बुद्धीचा अभ्यास

ज्या पुस्तकांचें परीक्षण मासिकांतून सहसा येत नाहीं, परंतु जीं मध्यम स्थितीच्या घरांत मोठ्या आस्थेनें वाचलीं जातात, अशांत शिष्यवृत्ति-परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांची गणना केली पाहिजे. पिंपरीच्या संत तुकाराम नगरासारख्या, कारखान्यांच्या शेजारीं नांदणाऱ्या वस्तींत आईबाप हीं पुस्तकें मुलांच्या हातीं देतात, तेव्हां त्यांच्या मनांत केवळ चार पैशांच्या शिष्यवृत्तीची आशा नसते. आपलें मूल हुशार आहे कीं सामान्य आहे, याचाच निकाल त्या परीक्षेंत लागेल, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत कितपत साधार आहे हें पाहणें अवश्य आहे. कारण तिच्यावर पुष्कळ मुलांचा आत्मविश्वास अवलंबून असतो.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेकडून घेतली जाणारी ही परीक्षा पूर्वीं चौथी व सातवीच्या वर्गांसाठीं असे. २०१६-१७ मध्यें ती पांचवी व आठवीकडे नेण्यांत आली. त्या रचनेंत एकंदर ३०० गुणांपैकीं १०० गुण ‘बुद्धिमत्ता चाचणी’ या विषयास ठेविले गेले, म्हणजे प्रथम भाषेच्या दुप्पट. वर्गीकरण, समसंबंध, क्रम ओळखणें, सांकेतिक भाषा, आरशांतील प्रतिबिंब, कूटप्रश्न हीं त्या विषयाचीं अंगें. अशा रीतीनें इतिहास-भूगोलाप्रमाणें बुद्धिमत्ता हाहि एक विषय झाला. त्याचीं पुस्तकें निघालीं, शिकवण्या निघाल्या, सरावाच्या प्रश्नपत्रिका निघाल्या. येथेंच या सर्व वाङ्मयांतील मूळ विसंगति आहे. बुद्धि जर उपजत असेल, तर तिचा सराव कसला करवितां? आणि सरावानें गुण वाढत असतील, तर त्या गुणांवरून उपजत बुद्धि मोजली असें कोणत्या तोंडानें म्हणतां?

या चाचण्यांचा इतिहास पाहिला म्हणजे ही विसंगति मूळ प्रवर्तकाची नव्हे असें दिसून येतें. फ्रेंच सरकारनें १९०४ सालीं नेमलेल्या मंडळांत आल्फ्रेड बिने हा मानसशास्त्रज्ञ होता. शाळेंत मागें पडणारीं मुलें ओळखावीं व त्यांस विशेष शिक्षण द्यावें, हा त्या मंडळाचा हेतु. तदनुसार बिने व सिमों यांनीं १९०५ सालीं पहिली प्रश्नमाला सिद्ध केली. बुद्धि ही कायमची ठरलेली राशि आहे, या मताचा बिनेनें १९०९ च्या आपल्या ग्रंथांत निषेध केला, आणि मागें पडणाऱ्या मुलांच्या अवधानास व स्मरणास व्यायाम देणारे पाठहि सुचविले. म्हणजे चाचणी हें मदतीचें पहिलें पाऊल होतें. निवडीची चाळणी ती पुढें झाली.

आपल्याकडे हें कार्य व्ही. व्ही. कामत यांनीं केलें. कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीं बिनेच्या मालेचें त्यांनीं केलेलें संस्करण १९३४ सालीं विद्वानांपुढें आलें, व १९४० सालीं त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या मुलास जो प्रश्न सहाव्या वर्षीं सोपा वाटतो, तो येथील मुलास त्याच वयांत तितकाच सोपा जाईल असें धरून चालतां येत नाहीं. प्रश्न येथील मुलांवर तपासून पुन्हां बसवावे लागतात, हें अशा संस्करणाचें मर्म होय. शिवाय ही परीक्षा एका वेळीं एकाच मुलास समोर बसवून घ्यावयाची असते. परीक्षक मुलाचें उत्तर ऐकतो, आणि तें कसें निघालें हेंहि पाहतो.

हा जिवंत संबंध छापील पर्यायांच्या परीक्षेंत तुटला. ७५ प्रश्न आणि ९० मिनिटें, असा जेथें हिशेब आहे, तेथें ‘कां?’ असें विचारण्यास सवड कोणास? आंबा, फणस, बटाटा, केळें यांतून गटांत न बसणारें पद निवडा, असा प्रश्न आहे असें समजूं. बटाटा हें फळ नव्हे, म्हणून तें उत्तर. परंतु एखाद्या मुलानें फणस निवडला, कारण कांटेरी साल त्या एकट्यालाच आहे, तर तें मूल मंदबुद्धि ठरेल काय? त्यानें वर्गीकरणच केलें आहे, किंबहुना डोळे उघडे ठेवून केलें आहे. उत्तरसूचीस मात्र एकच कारण ठाऊक असतें. आम्ही चाळलेल्या मार्गदर्शकांचा मोठा दोष हाच कीं, तीं उत्तर देतात, क्वचित् रीति देतात. पण दुसरें उत्तर कां संभवतें व तें कां सोडावें, याची चर्चा करीत नाहींत. विचाराला जेथें खरा आरंभ होतो, तेथेंच तीं थांबतात.

आपल्या साहित्यशास्त्रानें या प्रश्नाचा विचार अधिक समतोलपणें केलेला आहे. मम्मटानें काव्यप्रकाशांत काव्याच्या उत्पत्तीचीं तीन अंगें सांगितलीं: शक्ति म्हणजे उपजत बीज, निपुणता म्हणजे लोकव्यवहार, शास्त्रें व काव्यें यांच्या अवलोकनानें येणारी जाण, आणि अभ्यास म्हणजे जाणत्याच्या शिकवणीनें पुनःपुन्हां केलेला प्रयत्न. यांत मार्मिक गोष्ट ही कीं, हीं तीन निरनिराळीं कारणें नव्हेत, तिन्हीं मिळून एकच कारण होय, असा त्याचा अभिप्राय आहे. काव्याविषयीं जें खरें, तें बुद्धीच्या इतर व्यापारांविषयींहि खरें मानण्यास हरकत दिसत नाहीं. झाड उभें राहिल्यावर त्यांत बीज किती, माती किती व पाणी किती, हें तोलून दाखवितां येत नाहीं.

ज्या तुकोबांचें नांव या नगरानें धारण केलें आहे, त्यांचेंच उदाहरण घेऊं. दुष्काळानें घर ओस पडलें, व्यापार बुडाला, वेदाध्ययनाचा अधिकार तर जन्मतःच नव्हता. तथापि आरंभीं आपलें चित्त अभ्यासांत नव्हतें, पुढें संतांचीं वचनें विश्वासानें पाठ केलीं, कीर्तनांत गाणाऱ्यांच्या मागें ध्रुपद धरलें, असें त्यांनींच आपल्या आत्मवृत्तपर अभंगांत नमूद केलें आहे. एवढ्या थोर प्रतिभेनेंहि पाठांतर कमी लेखलें नाहीं. त्यांची थोरवी ईश्वरदत्त म्हणून हात जोडणारे आपण, त्या अभ्यासाकडे मात्र पाहत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, माणसामाणसांत जन्मतः भेद असतोच. असतो, आणि तो नाकारण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. प्रश्न इतकाच कीं, एका सकाळच्या गुणांवरून तो वाचतां येतो काय? अमेरिकेंत लुइस टर्मन यांनीं १९२१ सालीं अतिबुद्धिमान् मुलें निवडून त्यांचा दीर्घकाल अभ्यास आरंभिला. त्या निवडीच्या चाळणींतून गळलेल्या मुलांत विल्यम शॉक्ली व लुइस अल्वारेझ हे होते. पुढें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक पहिल्यास १९५६ सालीं व दुसऱ्यास १९६८ सालीं मिळालें. दुसरें उदाहरण आपल्या घराजवळचें आहे. तमिळनाडूंतील ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांस तोडणीपूर्वीं व तोडणीनंतर बुद्धीच्या चाचण्या दिल्या गेल्या. तो अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. माणसें तींच, परंतु हातांत पैसा नसतांना त्यांची कामगिरी उणी पडली, आणि पैसा आल्यावर सुधारली. चिंतेनें मन व्यापलें म्हणजे बुद्धीला वाव राहत नाहीं, हें येथें दिसून येतें. ज्या घरांत बापाची पाळी दर आठवड्यास बदलते व नोकरी कंत्राटावर असते, तेथील मुलाच्या गुणपत्रिकेंत या चिंतेचाहि वांटा असेल, हें विसरून कसें चालेल?

मग हीं पुस्तकें टाकून द्यावीं काय? मुळींच नाहीं. कोड्यांत रमण्याचा आनंद तीं स्वस्तांत देतात, आणि ज्या घरीं शिकवणारें कोणी नाहीं तेथेंहि तीं पोहोंचतात. हा गुण लहान नव्हे. मात्र तीं अभ्यासाचीं पुस्तकें म्हणून वापरावीं, मुलाचें भाकित सांगणारीं पंचांगें म्हणून नव्हे. आईबापांनीं चुकलेल्या उत्तरापुढें फुली मारण्यापूर्वीं ‘तुला असें कां वाटलें?’ एवढें विचारावें. त्या एका प्रश्नानें बिनेच्या परीक्षकाचें अर्धें काम घरींच होईल. तसेंच यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या कामगाराची निपुणता हीहि बुद्धिच आहे, हें मुलाच्या कानीं घालावें, म्हणजे ज्या घरांत तें वाढतें त्या घराविषयीं त्यास कमीपणा वाटणार नाहीं.

परीक्षेंत उणे पडलेले गुण इतकेंच सांगतात कीं, या मुलास अमुक प्रकारचा सराव अजून झालेला नाहीं. त्यापुढें जाऊन त्यास ‘ढ’ हा शिक्का जे मारतात, ते परीक्षेनें न दिलेला निकाल आपल्या पदरचा देत असतात.