कूपनमुळे नवं गिऱ्हाईक येतं का? एका ८० टक्क्यांची उलटतपासणी

मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीने सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा पाठवला. विषय असा: सवलतीच्या कूपनांमुळे लोक नवनवीन रेस्टॉरंटं करून बघतात का? विषय छान आहे, हाताला येण्याजोगा आहे. पण पहिल्याच पानावर तिने लिहिलं होतं की कूपन वापरणाऱ्यांपैकी जवळजवळ ८० टक्के लोक नवे ग्राहक असतात, सबब कूपनमुळे लोक नवीन ठिकाणी जातात हे सिद्ध झालेलं आहे. ते वाचून मी जराशी दचकलेच. कारण हाच आकडा मी काही वर्षांपूर्वी एका माणसाला अगदी छातीठोकपणे सांगितला होता, आणि त्याचे पैसे गेले. त्या माणसाकडे येतेच. आधी आकडा बघू.

हा आकडा खोटा नाही. अमेरिकेत राइस विद्यापीठात मार्केटिंग शिकवणारे उत्पल ढोलकिया यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रुपॉन, लिव्हिंगसोशल अशा पाच डील साइट्सवर सवलती देऊन बसलेल्या व्यवसायांना त्यांनी प्रश्न विचारले. ५५.५ टक्के व्यवसायांनी फायदा झाला असं सांगितलं, २६.६ टक्क्यांनी तोटा सांगितला, बाकीचे ना नफा ना तोटा. डील वापरणाऱ्यांपैकी जवळजवळ ८० टक्के नवे ग्राहक होते. इथपर्यंत सगळे उद्धृत करतात. त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग असा, की डीलच्या रकमेपलीकडे खर्च करणारे आणि पुन्हा येऊन पूर्ण किंमत देणारे त्या मानाने बरेच कमी होते. पुन्हा येणारे साधारण २० टक्के. लेखकाने काही लपवलेलं नाही, अर्धं वाक्य आपणच खातो. (सारांश वाचून संदर्भ देण्याची सवय मलाही होती, म्हणून हक्काने बोलते.)

माझं भांडण अभ्यासाशी कमी आणि त्या आकड्याच्या वापराशी जास्त आहे. ढोलकियांचा प्रश्न होता, धंद्याला डील परवडते का? आपला प्रश्न आहे, कूपन नसतं तर हा माणूस इथे आला असता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या आकड्यात सापडत नाही. का, ते असं बघा.

खोपोलीजवळच्या एखाद्या फूडमॉलमध्ये जेवणाऱ्यांना विचारलंत, ‘या काउंटरवर पहिल्यांदाच आलात का?’ तर बहुतेक जण हो म्हणतील. तिथे कूपन वापरणाऱ्यांत ८० टक्के नवे निघाले तर कूपनने काय केलं? कदाचित काहीच नाही, नवे तर तसेही येतच होते. याउलट गल्लीतल्या खानावळीत, जिथे तीच तीच चाळीस माणसं रोज जेवतात, तिथे दहात तीन नवे दिसले तरी तो मोठा बदल म्हणायचा. म्हणजे ८० हा आकडा एकटा मुका आहे. बिनकूपनवाल्यांत नवे किती, हा दुसरा आकडा शेजारी बसल्याशिवाय तो बोलत नाही. आणि दोन्ही आकडे मिळाले तरी कूपन घेणारे आणि न घेणारे ही मुळातच वेगळ्या स्वभावाची माणसं असू शकतात, ती अडचण उरतेच.

शिवाय हे ८० टक्के कळले कुणाला? मालकाला, म्हणजे त्याच्या अंदाजाने. गल्ल्यावर बसलेल्याला चेहरे लक्षात राहतात हे खरं, पण गल्ल्यावर तो दिवसभर बसत नाही.

आता ते काका. कोथरूडमध्ये त्यांचं दहा टेबलांचं थाळीचं हॉटेल. एम.एस्सी.ला असताना मी तिथे महिन्याचं कार्ड काढून जेवायचे. पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावर एकदा ते म्हणाले, ‘अगं, तो डीलवाला माणूस येऊन गेला. दोनशेची थाळी शंभरात द्यायची, शंभरातले पन्नास त्यांचे. तू याच्यावरच शिकतेस ना? करू का?’ मी नुकतंच वाचलेलं ज्ञान ओतलं, ‘काका, ८० टक्के नवे लोक येतात, रिसर्च आहे.’ काकांनी सही केली.

मी उत्साहात दोन आठवडे काउंटरशेजारी वही घेऊन बसले. कूपन दाखवणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, ‘पहिल्यांदाच आलात का?’ दहातले आठ-नऊ हो म्हणत होते. मला आभाळ ठेंगणं झालं, ढोलकियांचा निष्कर्ष कोथरूडमध्येही निघाला! तिसऱ्या दिवशीच काका हळूच म्हणाले होते, ‘तो निळ्या शर्टवाला चार वर्षं दर बुधवारी येतोय. पहिल्यांदा कसला?’ मी ते ‘अपवाद’ म्हणून सोडून दिलं. मग एका संध्याकाळी कूपनवरची बारीक अक्षरं वाचली, ‘फक्त नव्या ग्राहकांसाठी.’ आता सांगा, हातात तसं कूपन घेतलेला कोणता माणूस वही-पेन घेतलेल्या मुलीला सांगेल की मी जुना आहे? माझा प्रश्नच त्याला ‘हो’ म्हणायला लावत होता.

काकांचा हिशेब मात्र मांडता येतो. थाळीला सगळं धरून ऐंशी रुपये खर्च. कूपनवर हातात पन्नास, म्हणजे प्रत्येक नव्या माणसामागे तीस रुपये खिशातून. जुना माणूस कूपन घेऊन आला की दोनशेच्या जागी पन्नास, म्हणजे दीडशे गेले. दहा कूपनांत आठ नवे, दोन जुने धरा. हे आपले ८० टक्केच झाले. २४० आणि ३०० मिळून ५४० रुपये गेले. आठांतले २० टक्के परत आले, म्हणजे दीड माणूस म्हणू या. पूर्ण दराच्या थाळीमागे १२० सुटतात. तेव्हा त्या दीड माणसाने प्रत्येकी किमान तीनदा यायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी होते. आणि हे सगळं ते आठही जण कूपनशिवाय कधीच आले नसते असं मानून! दोन महिन्यांनी काकांनी डील बंद केली. मला काही बोलले नाहीत, पण कार्डाचे पैसे भरताना मी त्यांच्याकडे नीट बघू शकले नाही.

आपल्या प्रश्नाच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारा एक पेपर २०१२चा आहे. बायर्स, मिट्झेनमाकर आणि झेरवास या तीन संगणकशास्त्रज्ञांचा. त्यांच्या लक्षात आलं की येल्पवरच्या ज्या परीक्षणांत ग्रुपॉनचा उल्लेख आहे त्यांतले गुण इतरांपेक्षा सरासरी १० टक्क्यांनी कमी असतात. का? त्यांनी वेगवेगळी गृहीतकं समोरासमोर ठेवली. हे ग्राहकच जास्त चिकित्सक असतील. दुकानदार कूपनवाल्यांना वाईट वागवत असतील. ग्राहक नेहमीच्या वर्तुळाबाहेरचं काही करून बघत असतील आणि ते त्यांना रुचत नसेल. किंवा कूपनवाल्यांची परीक्षणं खरी असतील आणि उरलेल्यांतच काही खोटी, स्तुतीची भर असेल! हे चौथं गृहीतक वाचून मी अक्षरशः हसले. नमुन्यातला जो गट ‘बिघडलेला’ वाटतो तोच कदाचित धड असेल आणि तुलनेचा गटच सडका असेल, ही शंका घेता येणं फार मोलाचं आहे. नुसत्या या एका वळणासाठी तो पेपर वाचा.

पण तिसरं गृहीतक, म्हणजे आपला विषय, तिथे हा पेपरही आपल्याला पुरत नाही. परीक्षण लिहिणारा माणूस आणि जेवून गुपचूप निघून जाणारा माणूस वेगळे. पहिलं परीक्षण म्हणजे पहिली भेट नव्हे. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, हिंडून नवनवीन जागा शोधणारे लोकच कूपनं विकत घेत असतील तर कूपनने त्यांना हिंडकं केलं असं म्हणता येत नाही. त्यांचं हिंडणं थोडं स्वस्त झालं, इतकंच. लेखकांचा मूळ प्रश्न गुणांचा होता, त्यामुळे हा त्यांचा दोष नाही. त्यांचा आधार घेऊन ‘कूपन लोकांना धाडसी बनवतं’ असं लिहिणाऱ्याचा आहे.

स्वस्तात खाल्लेलं कमी चवदार लागतं, असाही एक संदर्भ तुम्हाला याच वाटेवर भेटेल. अमेरिकेतल्या एका पिझ्झा बुफेत काहींना ४ डॉलर, काहींना ८ डॉलर आकारले, आणि ४ वाल्यांना पिझ्झा कमी आवडला. जपून. तो कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वॉनसिंक यांच्या प्रयोगशाळेतला आहे. फसलेल्या त्या एकाच प्रयोगाच्या माहितीतून चार पेपर कसे निघाले हे वॉनसिंक यांनी २०१६ साली स्वतःच कौतुकाने लिहिलं. २०१७ मध्ये तीन संशोधकांनी त्या चार पेपरांतले आकडे तपासले, तर साधारण दीडशे विसंगती निघाल्या. पुढे विद्यापीठाने संशोधनातल्या गैरवर्तनाचा ठपका ठेवला. निष्कर्ष मनाला पटतो म्हणून तो अजूनही लोकांच्या संदर्भसूचीत फिरतो. तुमच्या सूचीत नको.

चांगलं काम कसं दिसतं, तर एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांचा २००४चा पेपर काढा. कॅटलॉगमधून टिकाऊ वस्तू विकणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांना त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं विभागलं. काहींना जास्त सवलतीचा कॅटलॉग, काहींना कमी सवलतीचा. पुढच्या काळात, पहिल्यांदा घेणाऱ्यांपैकी ज्यांना जास्त सवलत मिळाली होती त्यांनी जास्त खरेदी केली, आणि जुन्या ग्राहकांनी मात्र कमी. एकच सवलत, दोन विरुद्ध परिणाम! सगळ्यांची सरासरी काढली असती तर हे दिसलंच नसतं. अर्थात कॅटलॉगमधली वस्तू म्हणजे मिसळ नव्हे. भूक रोज लागते आणि हॉटेलं शेजारी-शेजारी असतात, म्हणून हा निकाल उचलून ताटात वाढता येणार नाही. रचना मात्र उचलावी.

आपल्याकडेही संधी येऊन गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये झोमॅटो गोल्ड आलं, एका पदार्थावर एक फुकट. ऑगस्ट २०१९ मध्ये गुरुग्रामपासून रेस्टॉरंटवाल्यांनी ‘लॉगआउट’ मोहीम सुरू केली आणि शेकडो रेस्टॉरंटं अशा सवलतींतून बाहेर पडली. तक्रार काकांचीच, की सवलतीची चटक लागलेलं गिऱ्हाईक पूर्ण किंमत द्यायला तयार नाही. ‘बाहेर पडलेल्यांकडे नवे ग्राहक कमी झाले का ते मोजू’ असं लगेच सुचतं ना? थांबा. बाहेर कोण पडलं? ज्यांना सवलतीशिवाय गर्दीची खात्री होती ते आधी पडले असण्याची शक्यता आहे. तेव्हा त्यांची तुलना आत राहिलेल्यांशी सरळ करता येत नाही.

आता त्या मसुद्याबद्दल. मैत्रिणीने दोनशे विद्यार्थ्यांची प्रश्नावली ठरवली होती, ‘कूपन असेल तर तुम्ही नवीन रेस्टॉरंटमध्ये जाल का?’ पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. याला लोक सहमतच होणार, खर्च काय होतो? मी तिला लिहिलं: प्रश्न विचारू नकोस, कूपन वाट. निम्म्यांनाच, चिठ्ठ्या टाकून. वसतिगृह असेल तर चिठ्ठी माणसागणिक नको, खोलीगणिक टाक, नाहीतर कूपन रूममेटच्या खिशात जाईल. ज्यांनी ते वापरलं नाही त्यांनाही हिशेबात धर. आणि फक्त ‘आपल्या’ रेस्टॉरंटच्या भेटी मोजू नकोस. त्या महिन्यात प्रत्येकजण एकूण किती नव्या ठिकाणी जेवला ते मोज, कारण कूपनमुळे एका नव्या जागेऐवजी दुसऱ्या नव्या जागी गेला असेल तर नवेपणात भर पडलीच नाही. आठवणीवर विसंबायचं नसेल तर यूपीआयच्या नोंदी आहेत, संमती घेऊन आणि एथिक्स कमिटीची परवानगी काढून.

तिचं उत्तर आलं, ‘एवढं कूपनांचं बजेट कुठून आणू?’ रास्त प्रश्न. साठ जणांवर पायलट कर म्हटलं. हॉटेल कोणतं, हे मात्र मी विचारून ठेवलंय. काका म्हणाले, ‘यावेळी पन्नास कापणारा मधला माणूस नसेल तर देतो तीस थाळ्या. पण वही मी लिहीन, तू बसायचं नाहीस.’