'संधिच्छेद' शब्दाचा अर्थ व उपयोग

संधि म्हणजे सांधा. तेव्हां पेटीचा सांधा उचकटून आंतील द्रव्य नेणारा तो संधिच्छेदक, म्हणजे हल्लींच्या भाषेंत तिजोरीफोड्या, असा अर्थ करण्याचा मोह सहज होतो. आमच्या संग्रहांतील मृच्छकटिकाच्या प्रतीवर आम्हींही पूर्वीं समासांत तसेंच टिपून ठेविलें होतें. ती टीप चुकीची आहे.

प्रमाण त्याच नाटकांत आहे. तिसऱ्या अंकांत शर्विलक चारुदत्ताच्या घरीं शिरतो, तेव्हां त्याचा सारा विचार भिंतीचा. भाजलेल्या विटा ओढून काढाव्या, कच्च्या छेदाव्या, मातीच्या गोळ्यांची भिंत भिजवावी, लांकडाची फाडावी. भोंकाच्या आकारांस पद्मव्याकोश, भास्कर, बालचंद्र, वापी, विस्तीर्ण, स्वस्तिक व पूर्णकुंभ अशीं सात नांवें तो सांगतो, आणि मापाची दोरी विसरल्यामुळें जानव्यानें माप घेतो. (जानव्याचे इतके उपयोग स्मृतिकारांसही सुचले नसतील!) आतां दागिन्यांचा डबा. तो फोडावाच लागत नाहीं. झोपेंत बरळणारा मैत्रेय तो आपण होऊन चोराच्या हातीं देतो. पेटी अखंड राहिली, तरी अंकाचें नांव 'संधिच्छेद'च.

दंडीच्या दशकुमारचरितांतील अपहारवर्म्याच्या साहित्यांत फणिमुख, संदंशक, पुरुषशीर्षक, मानसूत्र, दोर, दिवा विझविण्यासाठीं भ्रमरकरंडक इत्यादि वस्तु आहेत. त्यांतील फणिमुख हें खणण्याचें हत्यार होय.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाचा पुरावा आम्हांस सर्वांत बळकट वाटतो. राजाच्या कोशाचे अपहर्ते, रात्रीं संधि छेदून चोरी करणारे, आणि गांठ कापणारे ग्रंथिभेदक हे तेथें लागोपाठच्या श्लोकांत वेगवेगळे सांगितले आहेत. संधि छेदणाऱ्याचे हात तोडून त्यास शूळीं द्यावें. ग्रंथिभेदकाचीं पहिल्या अपराधास बोटेंच छाटावीं. कोणी म्हणेल, कोशापहर्ता कोश फोडतोच असें नाहीं. खरें आहे; पण द्रव्याच्या सांठ्यावरील चोरीस निराळें नांव असतां तोच अर्थ शेजारच्या शब्दावर लादण्याचें कारण उरत नाहीं.

यास्तव संधिच्छेदकास मराठींत 'घरफोड्या' हाच प्रतिशब्द योग्य. ज्यांच्या संग्रहांत मृच्छकटिकाच्या सटीप पोथ्या असतील, त्यांनीं या अंकाच्या समासांतील टिपा तपासून, आमच्यासारखी चूक दुसऱ्या कोणीं केलेली आढळल्यास कळवावें.