घरगुती काठिण्यमापक आणि मापनाची सचोटी : शिशाच्या ओतीव मिश्रधातूंच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना

समीक्षा हा शब्द आपल्याकडे प्रामुख्याने वाङ्मयाशी जोडला गेला आहे. उपकरणाचे वर्णन केले जाते, त्याची कार्यक्षमता तपासली जाते. परंतु त्यामागील विचाराची समीक्षा क्वचितच होते. वस्तुतः प्रत्येक मापनयंत्र काही गृहीतकांवर उभे असते आणि ती गृहीतके उघड करून दाखविणे हे समीक्षेचेच काम आहे. प्रस्तुत लेखात शिशाच्या ओतीव मिश्रधातूंसाठी हौशी कारागीर घरीच तयार करीत असलेल्या काठिण्यमापकाचा या दृष्टीने विचार केला आहे. असे एक उपकरण प्रस्तुत लेखकाने पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांसह बांधले. त्यात झालेली चूक हाच या लेखनाचा खरा आधार आहे.

पार्श्वभूमी

हा छंद मुख्यतः अमेरिकेतला. तेथील नेमबाज भंगारातील शिसे वितळवून गोळ्या घरीच ओततात. शिसे फार मऊ असेल तर त्याचा थर बंदुकीच्या नळीत साचतो, म्हणून काठिण्य जाणून घेणे त्यांना आवश्यक वाटते. मोटारींच्या चाकांचा तोल साधणारी शिशाची वजने हा त्यांचा मोठा स्रोत होता. युरोपीय संघाने २००५ मध्ये प्रवासी मोटारींसाठी आणि कॅलिफोर्निया राज्याने २०१० मध्ये अशा वजनांवर निर्बंध आणल्यानंतर भंगारात जस्त व पोलाद मिसळू लागले आणि हाती आलेला धातू नेमका कोणता, हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. छापखान्यांतील धातू हा त्यांचा दुसरा स्रोत. येथे मात्र विषय आपल्या परिचयाच्या प्रदेशात येतो. खिळे जुळवून छपाई करण्याचे दिवस संपल्यावर आपल्याकडेही हा धातू भंगाराच्या भावाने विकला गेला. लायनोटाइपच्या धातूत सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी व ४ टक्के कथील असते. शुद्ध शिशाचा ब्रिनेल अंक ४ ते ५, तर या मिश्रधातूचा सुमारे २२ धरला जातो.

उपकरणाची रचना

स्वीडिश अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल (१८४९-१९२५) याने १९०० च्या सुमारास मांडलेली पद्धत अत्यंत सरळ आहे. कठीण गोळी ठरावीक भाराने नमुन्यावर दाबायची, उमटलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा आणि भारास खळग्याच्या वक्र पृष्ठाच्या क्षेत्रफळाने भागायचे. आम्ही बेअरिंगच्या दुकानातून ५ मिमी व्यासाची पोलादी गोळी आणली. ६० सेंमी लांबीची, १ किलो वजनाची लोखंडी पट्टी तरफ म्हणून घेतली. टेकूपासून ५ सेंमीवर गोळी आणि ५० सेंमीवर अडीच किलोचे वजन, म्हणजे दहापट लाभ व गोळीवर २५ किलोचा भार. खळगा मोजण्यासाठी प्रत्येक भौतिकशास्त्र विभागात असणारा ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप होताच. शुद्ध शिसे रसायनशास्त्र विभागाने दिले. लायनोटाइपचा धातू बंद पडलेल्या एका छापखान्यातून मिळाला. (शिसे विषारी असल्याने वितळविण्याचे काम उघड्यावर आणि प्रस्तुत लेखकानेच केले, हे नमूद करणे आवश्यक वाटते.)

बरोबर दिसणारे चुकीचे उत्तर

शिशावरील खळग्याचा व्यास २.७० मिमी आला. गणिताने ब्रिनेल अंक ४.० मिळाला. संदर्भग्रंथांतील मूल्याशी तो जुळत होता. लायनोटाइपवरील खळगा १.३३ मिमी, म्हणजे अंक सुमारे १७.७. हा अपेक्षेपेक्षा कमी होता. परंतु त्याचेही समर्थन आमच्यापाशी तयार होते. छापखान्यात धातू वारंवार वितळविला जातो, त्यावर जमणाऱ्या मळीबरोबर कथील व अँटिमनी निघून जाते आणि धातू मऊ होतो. ही गोष्ट खरीच आहे, आणि म्हणूनच ती घातक ठरली. विद्यार्थ्यांनी हे स्पष्टीकरण सुवाच्य अक्षरात नोंदवहीत उतरविले आणि प्रस्तुत लेखकाने त्याखाली स्वाक्षरी केली.

पुढील आठवड्यात एका विद्यार्थिनीने वजन टांगण्यास विसरून तरफ खाली सोडली. शिशावर सुमारे सव्वा मिलिमीटरचा खळगा पडला. "सर, वजन नसताना खळगा कसा?" एवढेच तिने विचारले. उत्तर लाजिरवाणे होते. पट्टीचे स्वतःचे वजन आम्ही हिशेबात घेतलेच नव्हते. तिचा गुरुत्वमध्य टेकूपासून ३० सेंमीवर, म्हणजे गोळीवर तिचा सहापट परिणाम. १ किलोची पट्टी ६ किलोचा भार देत होती. प्रत्यक्ष भार २५ नव्हे, ३१ किलो होता. हिशेब दुरुस्त केल्यावर शिशाचा अंक ५.० व लायनोटाइपचा २२ आला. धातू मऊ झालेलाच नव्हता. अंकगणितातील चुकीला आम्ही धातुशास्त्रातील कारण देऊन मोकळे झालो होतो.

हौशी कारागिरांच्या पद्धतीवरील पहिला आक्षेप येथेच उद्भवतो. शिशाचा अंक पुस्तकाशी जुळला म्हणजे यंत्र बरोबर, अशी खात्री त्यांच्यात रूढ आहे. परंतु शुद्ध शिशाचे मूल्य ४ ते ५ इतके सैल असेल, तर २० टक्क्यांची चूकही त्यात सहज सामावते. आपल्या प्रात्यक्षिकांतही 'प्रमाण मूल्य' आधी ठाऊक असते आणि वाचने त्याकडे वळविली जातात, हे सहकारी प्राध्यापकांस वेगळे सांगण्याची गरज नाही.

दशांश चिन्हाचा मोह

दुसरा आक्षेप अचूकतेच्या दाव्याविषयी आहे. योग्य भाराखाली लायनोटाइपवरील खळगा सुमारे १.१९ मिमी येतो. शिशावरील खळग्याची कड स्पष्ट नसते, काठाशी धातू किंचित फुगतो. मायक्रोस्कोप ०.०१ मिमी दाखवीत असला तरी नेमकी कड कोणती, याविषयी ०.०५ मिमीची अनिश्चितता सहज राहते. तेवढ्याने अंक २०.४ पासून २४.२ पर्यंत कोठेही जाऊ शकतो. मऊ शिशावर तीच अनिश्चितता ४.८ ते ५.२ एवढीच राहते. म्हणजे जेथे माहितीची अधिक गरज आहे, त्या कठीण टोकाला उपकरण अधिक दुबळे आहे. असे असता "२१.८" असा अंक लिहिणे हा मापनाचा आभास होय.

काळ हा घटकही बहुधा दुर्लक्षित राहतो. शिसे ३२७° से. तापमानास वितळते. निरपेक्ष मापाने पाहिल्यास खोलीचे तापमान त्याच्या वितळणबिंदूच्या जवळजवळ निम्मे ठरते. लोखंडाच्या बाबतीत ही स्थिती सुमारे ६३०° सेल्सिअसला येते. शिसे भाराखाली सावकाश वाहत राहते आणि खळगा वाढत जातो. म्हणून ३० सेकंद दाब द्यावा असा संकेत आहे. नमुन्याचे वयही महत्त्वाचे. अल्प आर्सेनिक असलेला अँटिमनीयुक्त धातू ओतून लगेच पाण्यात टाकल्यास पुढील तासांत आणि दिवसांत कठीण होत जातो. उलट कानशीने जोर लावून घासल्यास त्याचा पृष्ठभाग मऊ होऊ शकतो.

तुलनेची पद्धत

या सर्व चुकांत एक गोष्ट मात्र अबाधित राहिली. दोन्ही अंक चुकले तरी त्यांचे गुणोत्तर ४.४ हेच होते, कारण भारातील चूक दोन्हीकडे सारखीच होती. काही जुने हौशी कारागीर याचाच आधार घेतात. शुद्ध शिसे व अज्ञात नमुना यांच्यामध्ये एकच गोळी ठेवून व्हाइसमध्ये आवळतात आणि दोन्ही खळग्यांची तुलना करतात. तरफ नाही, वजने नाहीत, भार किती हे जाणण्याची आवश्यकताही नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते घरगुती उपकरणांत ही रचना सर्वांत विचारपूर्ण आहे, कारण आपल्याला जे ठाऊक नाही त्यावर ती विसंबत नाही.

तिलाही मर्यादा आहेत. व्यासांच्या वर्गांचे गुणोत्तर घेण्याचा सोपा रिवाज आमच्या नमुन्यांना लावला, तर ४.४ ऐवजी सुमारे ४.१ येतात. त्यासाठी खोलीचेच गुणोत्तर घेणे इष्ट. शिवाय शिसे मिश्रधातूपेक्षा अधिक वाहते, तेव्हा व्हाइस किती वेळ आवळली होती याचा परिणाम पूर्णतः वजा होत नाही. पेन्सिलींच्या श्रेणींनी पृष्ठभाग ओरखडून पाहण्याची पद्धत मात्र वेगळ्याच गुणधर्माची आहे. तिचे उत्तर ब्रिनेल अंकात रूपांतरित करणारी कोष्टके सावधपणेच वापरावीत.

आमच्या विभागातील नोंदवहीत आता या प्रयोगाच्या पानावर चार रकाने वाढले आहेत : रिकाम्या तरफेचा भार, दाबाचा कालावधी, नमुना ओतल्याची तारीख आणि खळग्याचे दोन काटकोनांतील व्यास. जुने पान फाडलेले नाही. त्यावरील स्वाक्षरीखाली लाल शाईने ३१ किलो असे लिहून ठेवले आहे.