कथाकथनाचा ताळेबंद

मराठी कथाकथनाच्या इतिहासात बीड जिल्ह्याचं नाव सोनेरी शाईनं लिहायला हवं, असं माझं स्वच्छ मत आहे. एरवी वर्तमानपत्रात आमच्या जिल्ह्याचं नाव येतं ते ज्या मजकुरात येतं, तो मजकूर काळ्या शाईतच बरा दिसतो. म्हणून ही एक संधी मी सोडणार नाही.

पुरावाच देतो. साठच्या दशकात द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव हिंडून कथा सांगितल्या आणि माणसं तिकीट काढून कथा ऐकायला येऊ शकतात, हे महाराष्ट्राला पटवून दिलं. पुढे या तिघांनाही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. कुठे? माडगूळकरांना १९८३ साली अंबाजोगाईला. मिरासदारांना १९९८ साली परळी वैजनाथला. दोन्ही गावं बीड जिल्ह्यातली, आणि एकमेकांपासून इतकी जवळ की एका गावचा पाहुणा दुसऱ्या गावी जेवायला जाऊन रात्री परत येतो. राहिले शंकर पाटील. ते १९८५ साली नांदेडला अध्यक्ष झाले, म्हणजे तेही मराठवाड्यातच. बाकीच्या महाराष्ट्रानं तिघांना हसून दाद दिली. खुर्ची मात्र आम्ही मांडली.

एवढं भांडवल पदरी असताना आमच्याकडचं आजचं कथाकथन तोट्यात का चाललंय, हा प्रश्न मला काही वर्षं छळतो आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. साहित्यातलं मला विशेष कळत नाही, पण तोटा कळतो.

पुण्यामुंबईकडे म्हणे पुस्तकांच्या दुकानात लेखक बसतात, आपलं लिखाण वाचतात, समोर माणसं कॉफी पीत ऐकतात. आमच्याकडच्या पुस्तकांच्या दुकानात एका भिंतीला तलाठी भरती, दुसऱ्या भिंतीला पोलीस भरती आणि मधल्या टेबलावर वह्या असतात. तिथं कुणी कथा वाचायला उभा राहिला तर मालक विचारील, ‘ही कोणत्या पेपरला आहे?’ त्यामुळे सगळा भार वाचनालयांवर. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. अशा वाचनालयांचे वर्षातले ठळक सण दोन. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. या दोन दिवशी कथाकथन ठेवायचं, हे ठरलेलं.

अशाच एका २७ फेब्रुवारीला मी एका वाचनालयात (वर्ग सांगत नाही) पाकिटातल्या जुन्या स्लिपेच्या पाठीवर हिशेब मांडला. पत्रिकेतली वेळ सहाची. दीपप्रज्वलन सात वाजून दहा मिनिटांनी, कारण समईतल्या वातीला आमच्याकडचा वारा मानवत नाही. मग प्रतिमापूजन, स्वागतगीत, एकूण अकरा सत्कार. त्यात माईकवाल्याचाही एक होता आणि तो एकटाच मला रास्त वाटला. प्रास्ताविक पंचवीस मिनिटं. आमच्याकडचं प्रास्ताविक नेहमी ११८८ सालापासून सुरू होतं, कारण मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ त्या सालचा आणि मुकुंदराज अंबाजोगाईचे. तिथून वक्ते दासोपंतांवर येतात. दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वारशातला लांबीचा भाग आमच्या वक्त्यांनी निष्ठेनं सांभाळला आहे. अध्यक्षीय समारोप पस्तीस मिनिटं. कथा? चौदा मिनिटं. त्यातही बाराव्या मिनिटाला कथाकाराच्या हातात चिठ्ठी गेली. तीत ‘आवरा’ एवढंच लिहिलं असावं. कारण कथेतला म्हातारा त्याच वाक्यात वारला. तोपर्यंत त्याला साधा खोकलाही नव्हता.

पण हारतुऱ्यांबद्दलची तक्रार जुनी आहे, ती सगळेच करतात आणि स्वतःचा सत्कार झाला की मागे घेतात. माझं भांडण त्या चौदा मिनिटांशी आहे.

कथाकार आमच्याच तालुक्यातले. कार्यक्रमाआधी खालच्या हॉटेलात चहा घेत होते. पोऱ्याला म्हणाले, “कामून रे, इतका उशीर कामून लावायलास?” अस्सल बोली. कानाला बरं वाटलं. तेच गृहस्थ अर्ध्या तासानं... नाही, दोन तासांनी माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “आरं ल्येका, कुटं गेलतास रं? जेवलासा न्हवं?”

मी शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी हसत होता. सगळेच हसत होते. गावाकडची गोष्ट सुरू झाली, हे सर्वांना समजलं होतं. गाव कोणतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आता बघा, ‘जेवलासा’ हे कोल्हापूरकडचं मानाचं बोलणं. ज्याला ‘ल्येका’ म्हणायचं त्याला ‘जेवलासा’ म्हणत नाहीत. एकाच माणसाला एका दमात शिवी आणि मान देण्याची पद्धत फक्त निवडणुकीत असते. पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी माणदेशी हेल काढला, मधेच पंढरपुरी हुंकार दिला आणि शेवटी पुन्हा कोल्हापूरला आले. एका वाक्यात एवढा प्रवास एसटीलाही जमलेला नाही.

हे आलं कुठून, ते उघड आहे. शंकर पाटील कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. मिरासदारांचा जन्म अकलूजचा, वाढले पंढरपुरात. तिघांनी आपापल्या गावची माणसं आपापल्या गावच्या जिभेनं उभी केली. ती त्यांची कमाई. त्यात भर पडली ती कोल्हापूरच्या चित्रपटांची. पडद्यावरचा पाटील, पडद्यावरची पाणवठ्यावरची बाई वर्षानुवर्षं तिकडचंच बोलत आली. मग कॅसेटी आल्या, आता यूट्यूब आहे. असं होता होता ‘ग्रामीण’ म्हणजे पंचगंगेच्या आसपासचं, असा नियम बसला. आमचा कथाकार घरी मराठवाडी बोलतो आणि ‘ग्रामीण’ कथा सांगायची वेळ आली की भाड्यानं जीभ आणतो. साठ वर्षं झाली, भाडं थकत नाही आणि घरही सुटत नाही.

तुम्ही म्हणाल, जिभेचं काय एवढं? जिभेबरोबर बाकीचं सामानही येतं, हे त्याचं उत्तर. त्या चौदा मिनिटांच्या कथेत बारमाही पाण्याची नदी होती, काठाला हिरवागार ऊस होता आणि उसाचा मालक बांधावर उभा राहून मिशी पिळत होता. आम्ही बालाघाटाच्या उतारावरची माणसं. नदीत पाणी आलं तर बघायला जातो. ऊस आमच्याकडच्या हजारो घरांना चांगला ठाऊक आहे, पण दुसऱ्या टोकाकडून. कोयत्याच्या. नवराबायको मिळून एक कोयता, हे आमच्याकडचं मोजमाप; मुकादमाकडून घेतलेली उचल हे आमच्याकडचं भांडवल. बांधावर मिशी पिळणाऱ्या मालकाची कथा आम्हाला सांगणं म्हणजे भाडेकरूला घरमालकाच्या अडचणी सांगण्यासारखं आहे.

आणि दुसरं म्हणजे हसू. तिघांनी लोकांना हसवलं, म्हणून कथाकथन म्हणजे हसवणं, असा समज झाला. पण मिरासदारांचा विनोद माणसाच्या स्वभावातून निघतो. माणूस आधी उभा राहतो, मग तो काहीतरी करतो आणि आपण हसतो. आमच्याकडे आधी हशा ठरतो, मग त्याला माणूस शोधतात. मोबाइलवर सकाळी आलेला चुटका संध्याकाळी पात्राच्या तोंडी येतो. माझ्यामागे बसलेली शाळकरी मुलं प्रत्येक चुटक्याचा शेवट कथाकाराच्या आधी म्हणत होती. पाठांतर कथाकारापेक्षा श्रोत्यांचं चांगलं, असा प्रसंग मी यापूर्वी फक्त आरतीच्या वेळी पाहिला होता.

आमच्याकडे माल नाही म्हणून आयात करावा लागतो, असंही नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ शाळेच्या पुस्तकात होती. टोमॅटोला भाव मिळत नाही, एवढंच त्यात घडतं. ती वाचून वर्ग चिडीचूप झाल्याचं पुष्कळांना आठवत असेल. रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ सालची. लातूरकडचे हे लेखक, आणि कादंबरी सांगते ती एका शिंप्याची बायको, आपल्या भागातल्या बोलीत. यातलं काही आमच्या व्यासपीठावर मी ऐकलेलं नाही. एका संयोजकांना विचारलं तर म्हणाले, “छान आहे हो, पण लोक हसणार कुठे?”

लोकांना हसल्याशिवाय ऐकता येत नाही, हे म्हणणं मला साफ नामंजूर आहे. हा जिल्हा कीर्तनाचा आहे. भगवानगडाचा नारळी सप्ताह दरवर्षी नव्या गावी बसतो; त्या गावच्या वावरात मांडव पडतो. हजारो माणसं तिथं मांडी घालून दोन दोन तास ऐकतात. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दृष्टान्तामागून दृष्टान्त सांगत जातो. तो हसवतो, रडवतो, मधेच थांबतो. तो थांबला की मांडव थांबतो. पुढचा दृष्टान्त म्हातारीला पाठ असतो, तरी ती तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकते. आणि कीर्तनकार बोलतो ते आमचंच बोलतो. ‘कामून’ला ‘कामून’च म्हणतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही की देवाला कोल्हापुरीच लागतं म्हणून. (बिदागीचा आकडा काही ठिकाणी आमच्या व्यवस्थापकांच्या पगाराच्या पुढे गेला आहे, ही गोष्ट वेगळी. ती खाती आमच्याकडे नाहीत, याचं साहेबांना वाईट वाटतं.)

इतके कसलेले श्रोते जिल्ह्यात असताना वाचनालयात तीस खुर्च्या आणि त्यातल्या अकरा सत्कारमूर्तींच्या, असं का? साधं कॅलेंडर पाहा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टर भरतात, शेळ्या-कोंबड्यांसकट घरं रिकामी होतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. परततात ते कारखान्यांचे पट्टे पडले की, उन्हाळा तोंडावर आल्यावर. ऑक्टोबरमधल्या वाचन प्रेरणा दिनाला अर्धं गाव बोचकी बांधत असतं. मराठी भाषा गौरव दिनाला ते फडात असतं. म्हणजे आमच्या वाङ्मयीन वर्षातले दोन्ही सण मालक गावाला गेल्यावर त्याच्या ओट्यावर साजरे होतात. सप्ताह मात्र माणसं परतायच्या सुमारास बसतो. कीर्तनवाल्यांना बाजारपेठ कळते ती अशी.

एप्रिल-मे महिन्यात आमच्या काउंटरवर ही गर्दी असते. परवा असाच एक साठीचा माणूस आला. खात्यावरचे पैसे काढायचे होते. अंगठ्याच्या यंत्रावर अंगठा ठेवला, उठेना. दुसरा ठेवला, उठेना. पुसून ठेवला, ओला करून ठेवला. मी म्हणालो, “बाबा, रेघाच नाहीत हो.”

तो अंगठ्याकडे बघत म्हणाला, “आसंल. एक रेघ सांगलीकडं राहिली. दोन तिकडं, बेळगावकडं. ह्या बोटाच्या तर पोरीच्या लग्नाच्या सालीच गेल्या. त्या साली उचल जास्ती होती.” थांबला. सावकाश एकेक बोट उलगडत कोणती रेघ कोणत्या फडात, कोणत्या साली, कशापायी, असं सांगत गेला. बायकोच्या हाताच्या तिच्या तिनं कुठं ठेवल्या, तेही सांगितलं. शेवटी करंगळी राहिली. ती यंत्राकडे करून म्हणाला, “हिला इचार म्हनावं. ही कामाला लागत न्हाई, हिच्यावर आसंल शिल्लक.”

रांगेत पंधराएक माणसं होती. एरवी आमच्या रांगेत पासबुकानं वारा घेत कुणीतरी ओरडत असतं. चार मिनिटं कुणी ओरडलं नाही. करंगळीला आधी सगळे हसले आणि मग सगळे एकदम गप्प झाले. माडगूळकर ऐकायला असते, तर त्यांनी वही काढली असती, असं मला वाटलं. करंगळीही उठली नाही. पैसे आम्ही पैसे काढायच्या स्लिपेवर, साक्षीदार घेऊन दिले.

मी त्या वाचनालयाच्या चिटणिसांना गाठलं. म्हटलं, यंदा कथाकथन वैशाखात ठेवा, मांडव टाका, आणि या बाबांना बोलवा. चिटणीस सज्जन गृहस्थ. वैशाखाला हरकत नाही म्हणाले. उन्हाचं बघू, रात्री ठेवू. पण पत्रिकेवर परिचय काय छापायचा? पुस्तकं किती? पुरस्कार कोणते?

“परिचय नको,” मी म्हणालो.

“मग त्यांचा सत्कार कोणत्या कारणास्तव करायचा?” ते म्हणाले. हा विषय सध्या कार्यकारिणीपुढे आहे.