तक्त्यातला बाण

मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे जाताना वाटेवरच्या शाळांची विज्ञान प्रदर्शने आम्ही आवर्जून पाहतो. तेथे एक तक्ता हमखास भेटतो. कार्डशीटवर दोन चौकोन, एकात 'मुख्य सर्व्हर', दुसऱ्यात 'राखीव सर्व्हर' आणि मध्ये लाल बाण. शेजारचा विद्यार्थी सांगतो, "पहिला बंद पडला तरी दुसऱ्यात सगळे असते, म्हणून काही हरवत नाही." परीक्षक मान डोलावतात, आम्हीही एकदा डोलावली आहे. अक्षर सुरेख असते, पण विधान चूक आहे. सातबारा, शिष्यवृत्ती, मुलांच्या नोंदी, सारे आता सर्व्हरवर असताना ही चूक किरकोळ म्हणून सोडता येत नाही.

बाणातून नेमके काय जाते, हे तक्ता सांगत नाही. बहुधा जाते ती बदलांची नोंद. हे समजावायला तलाठ्याचे दप्तर पुरेसे आहे. सातबारा आजची स्थिती दाखवतो. ती कशी आली हे गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, क्रमांकवार सांगते. एखादा सातबारा फाटला, तर जुना बरोबर उतारा घेऊन त्यापुढचे फेरफार ओळीने लावत आजचा उतारा पुन्हा तयार करता येईल. डेटाबेस हेच करतो. बदल आधी नोंदवहीत लिहितो, मग मूळ पानावर. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना नोंदवही वाचून राहिलेले काम पुरे करतो. हीच नोंदवही दुसऱ्या सर्व्हरला पाठवत राहिले की प्रतिकृती तयार होते.

फरक एकच, पण मोठा. गावात फेरफार नोंदला की संबंधितांना नोटीस जाते, हरकती ऐकल्या जातात, मग मंडल अधिकारी तो मंजूर करतात. बाणात असा अधिकारी बसलेला नाही. कोणी चुकून हजार नावे खोडली, तर ती खोडाखोड दुसऱ्या चौकोनात क्षणात आणि इमानदारीने पोचते. प्रतिकृती यंत्राच्या बिघाडापासून वाचवते, माणसाच्या चुकीपासून नाही. त्यासाठी कालची, परवाची, न बदलणारी प्रत वेगळी ठेवावी लागते. तक्त्यात हा तिसरा चौकोन आम्ही क्वचितच पाहिला आहे.

तिसरा चौकोन नुसता काढूनही भागत नाही. गिटलॅब या कंपनीत 31 जानेवारी 2017 रोजी प्रतिकृती तुटली होती. ती पुन्हा जोडताना एका अभियंत्याने आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत असे समजून मुख्य सर्व्हरवरचा साठा पुसला. राखीव प्रती शोधल्या, तर रोजची प्रत काढणारे काम आवृत्ती न जुळल्याने आधीपासूनच फसत होते आणि ते कळवणारी पत्रे वाटेतच नाकारली जात होती. अखेर चाचणीच्या कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत उपयोगी पडली. मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या. कंपनीने हे सारे स्वतः जाहीर केले, म्हणून आपल्याला शिकता येते.

बाणाला वेळही लागतो. मुख्य सर्व्हरने प्रत्येक नोंदीला दुसऱ्याची पोच येईपर्यंत थांबायचे ठरवले तर काम मंदावते; न थांबता पुढे गेला तर अपघातात शेवटच्या काही नोंदी जातात. शिवाय पहिला मेला की फक्त तार तुटली, हे दुसऱ्याने कसे ओळखायचे? गिटहब या दुसऱ्या कंपनीत 21 ऑक्टोबर 2018 रोजी संपर्क अवघा 43 सेकंद तुटला. तेवढ्यात दुसऱ्या किनाऱ्यावरच्या सर्व्हरकडे मुखत्यारी गेली, तर पहिल्याकडे तिकडे न पोचलेल्या काही नोंदी राहिल्या. एकाच फेरफार क्रमांकाच्या दोन वह्या झाल्या म्हणा ना! सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटे लागली.

आणि दोन चौकोन आहेत कोठे? आंबेगाव तालुक्यातील मुलांना हा प्रश्न समजावून सांगावा लागू नये. 30 जुलै 2014 रोजी डोंगर खचून माळीण गाडले गेले, 151 माणसे गेली. त्या दुःखात कागदांची गोष्ट अगदीच लहान. पण एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती घराबरोबरच जातात, एवढे त्यावरून कळते.

हस्तलिखित सातबारे संगणकावर आणताना 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. उतारे मोठ्याने वाचायचे आणि खातेदारांनी चुका दाखवायच्या. नवी प्रत खरी आहे का, हे तपासण्याची इतकी साधी रीत आम्हाला कोणत्याही तक्त्यावर दिसलेली नाही.

पुढच्या प्रदर्शनात दोन वह्या ठेवून पाहाव्यात. एक विद्यार्थी वर्गातील बदल क्रमाने लिहील, दुसरा त्यावरून उतरवील. शिक्षकांनी गुपचूप एक खोटी नोंद घालावी, नंतर पहिली वही काढून घ्यावी आणि गेल्या आठवड्याच्या प्रतीवरून आजची यादी पुन्हा उभी करायला सांगावे. घड्याळ लावावे. किती मिनिटे लागली आणि किती नोंदी सापडल्या नाहीत, हे दोन आकडे बाणाखाली त्याच लाल शाईने लिहावेत.