सौरवाऱ्यात लहरी की टर्ब्युलन्स? दोन जुन्या पेपरांचं भांडण

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी चुंबकीय क्षेत्राचा स्पेक्ट्रम काढला. उतार आला -५/३ च्या आसपास, आणि स्वारी खूश! गाईडनी एवढंच विचारलं, "बरं, मग यावरून काय सिद्ध झालं?" मला उत्तर सुचेना. त्यांनी दोन पेपर वाचायला दिले.

पहिला कोलमन यांचा, १९६८ चा, मरिनर-२ च्या डेटावरचा. त्यांच्या मते वेगवान आणि संथ प्रवाह एकमेकांना घासतात, त्यातून मोठ्या हालचाली तयार होतात, त्या फुटत-फुटत लहान होतात आणि शेवटी ऊर्जेची उष्णता होते. दुसरा बेल्चर आणि डेव्हिस यांचा, १९७१ चा, मरिनर-५ वरचा. ते म्हणतात, वेग आणि चुंबकीय क्षेत्र जोडीनं हलतायत, म्हणजे या सूर्याकडून बाहेर निघालेल्या आल्फ्वेन लहरी आहेत. वेगवान प्रवाहांत तर हे फारच स्वच्छ दिसतं.

पेपर म्हणून मला दुसरा जास्त पटतो. वेग आणि क्षेत्र शेजारी-शेजारी ठेवले की लहर डोळ्यांनाच दिसते. पण त्यातली अडचणही तिथेच आहे. सगळ्या लहरी एकाच दिशेनं निघाल्या तर त्या एकमेकींवर आदळणार कशा? आदळल्या नाहीत तर मोठ्यातून लहानाकडे ऊर्जा जाणारच नाही. प्रत्यक्षात प्रोटॉन नुसत्या प्रसरणानं जेवढे थंड व्हायला हवेत तेवढे होत नाहीत, म्हणजे उष्णता कुठून तरी मिळतेय. इथे कोलमन सरस ठरतात.

पार्कर यानानं (२०१८ मध्ये सुटलेलं) या भांडणात भर घातली. सूर्याजवळ चुंबकीय स्पेक्ट्रमचा उतार -३/२ च्या जवळ आणि पृथ्वीपाशी -५/३. म्हणजे सूर्याकडून निघालेलं वाटेत बदलतं; नुसत्या उरलेल्या लहरी म्हणून भागत नाही.

आता माझी खरी तक्रार, आणि ती आपल्या सगळ्यांच्याच सवयीबद्दल आहे. या दोन उतारांत फरक किती? १/६. फ्रिक्वेन्सी दहापट झाली तरी पॉवरमध्ये जेमतेम दीडपट. फिटिंगची रेंज जराशी सरकवा, हवा तो उतार मिळतो (मी करून बघितलंय, लाज वाटते). वर टेलरचं गृहीतक: वारा इतका वेगात की वेळेतले बदल म्हणजे जागेतलेच बदल. पृथ्वीपाशी वारा सेकंदाला साधारण ४०० किमी आणि आल्फ्वेन वेग ५० च्या आसपास, तिथे ठीक आहे. पण एप्रिल २०२१ मध्ये पार्कर अशा भागात शिरलं जिथे आल्फ्वेन वेग वाऱ्याहून जास्त आहे. तिथे हे गृहीतक डोळे मिटून वापरणारे पेपर मी जपूनच वाचतो.

माझ्या ड्राफ्टमधलं "टर्ब्युलन्स सिद्ध होतो" हे वाक्य मी खोडलंय. आता सूर्याकडून येणाऱ्या आणि सूर्याकडे जाणाऱ्या लहरी वेगळ्या काढून बघतोय, दुसऱ्या मुळात किती आहेत ते.